अठरा हजार मैल, की एक लाख अठरा हजार?

जाहिरात तीनच ओळींची होती. एमजीबी रोडस्टर, १९७२, टील ब्लू रंग. पहिल्यापासून एकच मालक. १८,४०० मैल. किंमत साडेसतरा हजार पौंड. सोबतचा फोटो इतका अंधारा की गाडी निळी आहे हे लिहिलं नसतं तर कळलंच नसतं.

मी तेव्हा चार महिने एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची उघड्या छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, शोधत होतो. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीत राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती आणि एका कारखान्यात सुटे भाग तपासायची नोकरी होती. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायच्या. बायको म्हणायची, एवढ्या वेळात दुसरी नोकरी झाली असती.

पुण्यातल्या मावसभावाला सांगितलं की एमजी घेतोय, तर तो म्हणाला, "हेक्टर का? आमच्या सोसायटीत दोन आहेत." त्याची चूक नाही. नाव आता चिनी कंपनीकडे आहे. पण मूळचं एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. १९२९ पासून कारखाना शेजारच्या ॲबिंग्डनला होता, आणि १९८० च्या ऑक्टोबरात तो बंद झाला त्याच महिन्यात एमजीबीही संपली. १९६२ ते १९८०, एकूण पाच लाखांवर गाड्या. किमतीचा विचार करताना हा आकडा डोक्यात पक्का ठेवावा लागतो. ही गाडी दुर्मिळ नाही. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. अख्खी बॉडीसुद्धा १९८८ पासून जुन्याच साच्यांवर नव्याने बनते. त्यामुळे 'अशी गाडी परत मिळणार नाही' असं विकणारा म्हणाला तर मान हलवावी आणि पुढचा प्रश्न विचारावा.

मला हीच का हवी होती, ते कोल्हापूरच्या माणसाला पटकन कळेल. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उद्यमनगरात गॅरेज होतं. टॅक्सीच्या अँबॅसिडर यायच्या. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच, आणि तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज. एमजीबीत त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं. मी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर एका एमजीबीचं बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा नाना दोन सेकंद बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, ही तर आपलीच की. जरा चारा जास्त घातलाय एवढंच."

जाहिरातीतली, ॲशबोर्नची ही गाडी बघायच्या आधी एक लाल गाडी पाहिली होती, तिचं सांगायला हवं, कारण धडा तिथे मिळाला. १९७१ ची, आरशासारखा रंग, मीटरवर २४,०००. विकणारा गृहस्थ चहा-बिस्किटं घेऊन तयार. इथे गाड्यांची वार्षिक तपासणी, एमओटी, होते आणि २००५ पासूनच्या नोंदी नंबर टाकला की कुणालाही दिसतात. मी चहा पिता पिता फोनवर नंबर टाकला. २००७ साली मीटर ७१,०००. २०१० साली २३,०००. विचारलं तर म्हणाले, "हो, तेव्हा स्पीडोमीटर बदलला होता, सांगायचं राहिलं." मग मी खिशातून लोहचुंबक काढला. पत्र्यावर पातळ कापड ठेवून तो दारांखालच्या सिलवरून फिरवायचा. जिथे पत्रा आहे तिथे चिकटतो, जिथे लांबी (पुट्टी) भरली आहे तिथे गळून पडतो. तो तीनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा गृहस्थांनीच उचलून दिला. चहा मात्र उत्तम होता.

एमजीबीला चॅसी वेगळी नसते, बॉडी हीच चॅसी. छप्पर नसलेल्या गाडीत सगळा भार दारांखालच्या दोन सिलवर येतो. आणि सिल म्हणजे एक पत्रा नव्हे: बाहेरचा, आतला, दोघांच्या मधला पडदा, आणि खाली कॅसल रेल नावाची पन्हाळी. बाहेरचा बदलून रंग मारला की फोटोत गाडी नवी दिसते. आत काय चाललंय ते जॅक लावला की कळतं. जॅकची जागा सिलखालीच, साधारण मध्यावर. गाडी हळूहळू उचलायची आणि दार व मागच्या मडगार्डमधल्या फटीवर नजर ठेवायची. फट बदलत गेली, दार घासायला लागलं, तर गाडी मधून वाकते आहे असं समजायचं. दोन्ही बाजूंचं हे काम चांगल्या कारागिराकडून करून घ्यायचं तर मला तीन ते चार हजार पौंड सांगितले गेले होते, रंग वेगळा.

ॲशबोर्न डर्बीशरमध्ये आहे, आमच्याकडून पन्नास-पंचावन्न मैल. डोंगराळ आणि ओला मुलूख. गावाबाहेर दगडी घर, बाजूला दगडीच गॅरेज. दार उघडलं ते ऐंशीच्या पुढच्या एका बाईंनी. "आत ये, मी डक," म्हणाल्या. म्हणजे 'माय डक'. या भागात सगळ्यांनाच बदक म्हणतात, प्रेमाने. त्यांचे यजमान आदल्या हिवाळ्यात गेले होते. मुलगा दुसऱ्या गावाहून आला होता आणि त्याला गॅरेज रिकामं करायची घाई होती. आजींना नव्हती.

मी गाडीकडे जायच्या आधी कागद मागितले. नानांची सवय, ते गाडीआधी आरसी बुक वाचायचे. आजींनी एक फाइल आणि एक तंबाखूचा पत्र्याचा डबा आणून ठेवला. फाइलमध्ये १९७२ ची पावती, हमीचं पुस्तक, आणि १९७५ पासूनचे एमओटीचे कागद. गाडी तीन वर्षांची झाली की पहिली तपासणी, म्हणून १९७५. प्रत्येक कागदावर मीटरचा आकडा. १९७५ ला ५,२३०. असं करत १९७९ च्या जुलैत ९,४१२. त्यापुढचा कागद एकदम १९८७ च्या एप्रिलचा: १२,०७१.

इथे मी थांबलो. एमजीबीच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे पावणेआठ वर्षांत गाडी २,६५९ मैल चालली, किंवा १,०२,६५९ मैल चालली. मीटर दोन्ही वेळेला तेच दाखवेल. आणि दुसरा आकडा अजिबात अशक्य नाही; वर्षाला तेरा हजार पडतात, म्हणजे रोज कामावर जाणारी कुठलीही साधी गाडी. साडेसतरा हजार पौंडांची मागणी या एका गाळलेल्या 'एक'वर उभी होती.

मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, बाबा फार जपायचे, एवढी चालणं शक्यच नाही. आपल्या वडिलांनी गाडी हाणली असं कुठला मुलगा सांगेल? आजी मात्र म्हणाल्या, "तेव्हा आम्ही झांबियात होतो. किट्वेला. ते तांब्याच्या खाणीत इंजिनियर होते." हे खरं असेलही, पण गाडी भावाला किंवा मेव्हण्याला वापरायला दिली असेल तर? असं तोंडावर विचारता येत नाही. मी डबा उघडला. आत रोड टॅक्सच्या गोल चिठ्ठ्या, काचेवर लावायच्या, दरवर्षीची जपून ठेवलेली. १९८० ते १९८६ च्या नव्हत्याच. नसणं हा अर्धाच पुरावा, हरवल्याही असतील. पण फाइलच्या तळाशी विमा कंपनीचं पत्र सापडलं. सप्टेंबर १९८० पासून ऑगस्ट १९८६ पर्यंत गाडी 'लेड अप', म्हणजे उभी ठेवलेली, विमा फक्त चोरी आणि आगीपुरता, रस्त्यावर चालवायची नाही.

मी तिथेच पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. सहा वर्षं वजा केली तर चालवायला राहतात एकवीस महिने. एकवीस महिन्यांत एक लाख मैल म्हणजे महिन्याला साडेचार हजारांवर. आठवड्याचे सातही दिवस दीडशेवर मैल. आणि २,६५९ म्हणजे वर्षाला साधारण पंधराशे, जवळजवळ त्याआधीच्या सात वर्षांइतकीच गती. पुढचे कागद सरळ होते. २००५ पासूनच्या नोंदी फोनवर जुळल्या. शेवटची तपासणी २०११, मीटर १८,३९१. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि यजमानांनी गाडी उभी केली. आता मीटरवर १८,४०७.

कागद पटले तरी लोखंडाला विचारायचंच. नानांना फोन लावला. कोल्हापुरात संध्याकाळ, ते व्हरांड्यात बसलेले. मी कॅमेरा क्लचच्या पेडलवर धरला. रबराच्या रेघा शाबूत. "रबर दहा रुपयाला मिळतंय," नाना म्हणाले, "काढ ते. खालचं लोखंड दाव." काढलं. पेडलच्या कडा कोऱ्या, काळा रंगसुद्धा होता. मग दार अर्धवट उघडून वरखाली हलवायला सांगितलं. बिजागरीत खेळ नाही. स्टेअरिंगवर चकाकी नाही. डिकीतली स्टेपनी बाहेर काढली तर टायर १९७२ चाच, त्याच्या खाचांमधली रबराची बारीक केसं अजून तशीच. तो टायर रस्त्याला लागलेलाच नव्हता. "गाडी खरी हाय," नाना म्हणाले, आणि लगेच पुढे, "पर चौदा वर्षं हुबी गाडी म्हंजे आजारी गाडी. पैसं कमी कर."

हे त्यांचं वाक्य मी शब्दशः पाळलं म्हणायला हरकत नाही. कारण कमी चाललेल्या गाडीचा गोंधळ इथेच आहे. लोक मैल वाचतात आणि भाव चढवतात. जणू गाडी फक्त चालल्याने झिजते. न चालल्याने ती जास्त वेगाने खराब होते, फक्त ते दिसत नाही. ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात, सिलिंडरमध्ये पाणी ओढलेलं ब्रेक ऑइल गंज चढवतं, पेट्रोलचं वार्निश होऊन कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतं, रेडिएटरच्या तळाशी चिखल साचतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: आठवडा आणि वर्ष. या गाडीवर २३०६ होतं, म्हणजे २००६ चा तेविसावा आठवडा. खाचा नव्यासारख्या आणि बाजूला केसासारख्या चिरा. सीटवर बसलो तर खालची रबरी जाळी तुटून मी जवळजवळ जमिनीवर. सीटांमागच्या झाकणाखाली या काळातल्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात; इथे एकच होती आणि तिच्याभोवती पांढरी बुरशी.

पण पत्रा! चुंबक दोन्ही सिलवर टोकापासून टोकापर्यंत चिकटत गेला. जॅक लावला, दाराची फट जशीच्या तशी राहिली. खाली झोपून बघितलं तर कारखान्यातले स्पॉट वेल्डचे ठिपके एका ओळीत, त्यावर पन्नास वर्षांचं काळं तेलकट मेण. यजमान दर हिवाळ्याआधी स्वतः मेण फवारायचे, आजी म्हणाल्या, आणि मग आठवडाभर घरात त्याचाच वास. मी टॉर्च विझवून दोन मिनिटं तसाच झोपून राहिलो. या गाडीत भाव होता तो इथे. ज्या गाडीचा पत्रा एकदाही कापलेला नाही, ती पाच लाखांत किती उरल्या असतील कुणास ठाऊक. आणि नवी बॉडी विकत मिळते, पण न कापलेली जुनी मिळत नाही.

मुलाने बॅटरीला केबल लावून सुरू करू या म्हटलं. मी अक्षरशः त्याचा हात धरला. इतकी वर्षं उभं इंजिन कोरडं असतं. थेट फिरवलं तर सिलिंडरला ओरखडे पडू शकतात. पुढच्या शनिवारी परत आलो. प्लग काढून चारही भोकांत थोडं तेल सोडलं, तासभर थांबलो, मग पान्याने हाताने फिरवलं. फिरलं. मग प्लग न लावताच सेल मारून ऑइलचा काटा वर येईपर्यंत थांबलो. शेवटी ताजं पेट्रोल एका छोट्या कॅनमधून सरळ दिलं, जुन्या टाकीला हातही लावला नाही. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं. गरम झाल्यावर ऑइलचा दाब ६०, निवांत चालताना २० च्या आसपास. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, चारही सिलिंडरचं १५० ते १६०. सगळे आकडे निरोगी इंजिनाचे. आजी खिडकीत उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत, मीही काही बोललो नाही.

दरम्यान मी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे हेरिटेज सर्टिफिकेटसाठी अर्ज केला होता. ॲबिंग्डनच्या कारखान्याच्या मूळ नोंदवह्या तिथे आहेत. गाडी कधी तयार झाली, कुठल्या बाजारासाठी, रंग कुठला, इंजिनचा नंबर काय, हे सगळं त्यावरून लिहून देतात. निम्म्याहून जास्त रोडस्टर अमेरिकेला गेल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच कोरड्या मुलखातून परत आणून स्टेअरिंग उजवीकडे बदलून विकल्या गेल्या. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण भाव वेगळा. ही पहिल्यापासून इथलीच निघाली, रंग टील ब्लूच, इंजिनचा नंबर जुळला. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, मात्र नाही. ते १९७५ च्या मध्यापर्यंत जादा पैसे देऊन घ्यायचं होतं, आणि डर्बीशरच्या काटकसरी इंजिनियरने घेतलं नव्हतं. म्हणजे मोटरवेवर सत्तरच्या वेगाला इंजिन मिनिटाला ३,९०० फेरे मारणार आणि शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागणार.

आता भाव.

चार महिने मी एक वही ठेवली होती. त्यात जाहिरातीतल्या किमती लिहायच्या नाहीत, गाडी खरोखर कितीला गेली तेच लिहायचं, असा नियम. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. वहीत चौदा गाड्या जमल्या होत्या. क्रोम बंपरची, ओव्हरड्राइव्हवाली, चालवायला तयार, सिलचं काम एकदा होऊन गेलेलं पण नीट झालेलं, अशी गाडी अकरा हजारांच्या आगेमागे जात होती. १९७४ च्या शेवटी आलेल्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्या त्याहून बऱ्याच स्वस्त. त्या वहीत मी वेगळ्या पानावर टाकल्या होत्या, कारण त्यांची तुलना करून कुणी भाव पाडायला लागलं तर समोरचा माणूस बोलणंच थांबवतो.

तर अकरा हजारांपासून सुरुवात. ओव्हरड्राइव्ह नाही, वजा आठशे. न कापलेल्या पत्र्याचे अधिक चार हजार; हा आकडा मी हवेतून नाही काढला, सिलचं काम करून घ्यायला जेवढे लागले असते तेवढा धरला. मग आजारपणाचा खर्च: टायर ३८०, ब्रेकचं सगळं ५२०, क्लचचे दोन सिलिंडर १३०, पेट्रोलचा पंप-नळ्या-कार्बोरेटर ४८०, रेडिएटर आणि पाइप २४०, बॅटऱ्या १५०, जे मला येत नाही त्याची मजुरी ५००. चोवीसशे. ते वजा. राहिले ११,८००.

आणि मग ज्या गोष्टीसाठी जाहिरात दिली होती ती: मैल. त्याचे किती? इथे मी दोन रात्री अडकलो. बायको म्हणाली, तू ती चालवणार आहेस ना? हो म्हटलं. मग जे तू पहिल्या उन्हाळ्यातच खर्च करून टाकणार त्याचे पैसे कशाला देतोस? तिचा मुद्दा बिनतोड होता. कमी मैलांचा भाव मोजणारा माणूस गाडी पेटीत ठेवतो. मी ठेवणार नव्हतो. तरी शून्य देणंही बरोबर नव्हतं. ती फाइल, तो डबा, एकच मालक, हे पुढे मी विकायला काढली तर माझ्याही कामी येणार. एक हजार धरले. १२,८००.

मी साडेबारा हजारांनी सुरुवात केली. मुलाने माझ्याकडे मी चहात मीठ टाकल्यासारखं बघितलं आणि टेबलावर एक छापील कागद ठेवला: अशीच निळी एमजीबी, लिलावात १६,१०० पौंड. मी तो कागद मनापासून वाचला, कारण त्याच्या बाजूने तो खरा पुरावा होता. मग त्याला लिलावाचं गणित मांडून दाखवलं. छापलेल्या आकड्यात घेणाऱ्याची दलाली धरलेली असते. तिथे ती साडेबारा टक्के होती आणि दलालीवर वीस टक्के व्हॅट, म्हणजे एकूण पंधरा. हातोडा पडला तो चौदा हजारांवर. त्यातून विकणाऱ्याची दलाली, पाच टक्के अधिक व्हॅट, आठशे चाळीस. मालकाच्या हातात १३,१६०. शिवाय ती गाडी चालवत लिलावात आणली होती, नवे टायर, ओव्हरड्राइव्ह. ही ट्रकवर न्यावी लागेल.

त्याने कागद उलटा ठेवला. आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "तू ती चालवणार की झाकून ठेवणार?" मी म्हटलं चालवणार, आणि मनात म्हटलं, आता भाव कमी होणार की वाढणार देव जाणे. त्या म्हणाल्या, "ह्यांनी झाकूनच ठेवली. मला मेली कधी समुद्रापर्यंत नेली नाही." मग मुलाकडे वळून, "तेरा हजार अडीचशे. तुला लिलावात जेवढे मिळाले असते त्याहून नव्वद जास्त." आजी शाळेत गणित शिकवायच्या, हे मला नंतर कळलं.

घासाघीस करायला अजून जागा होती असं नाना आजही म्हणतात. मला वाटत नाही. मी विसार म्हणून पाचशे दिले. बाकीचे मृत्युपत्राचे कागद पूर्ण होऊन गाडी आजींना विकता येईल तेव्हा. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर अजून यजमानांचं नाव होतं, आणि तो कागद इथे मालकीचा पुरावा मानत नाहीत. सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत माझ्या हिशेबातली चूक गॅरेजात शांतपणे पडून होती.

चूक पेट्रोलच्या टाकीत. एमजीबीची टाकी वरून गंजते. टाकी आणि डिकीच्या तळामध्ये पट्ट्या असतात, त्या पाणी धरून ठेवतात. खाली झोपून बघणाऱ्याला टाकीचा तळ दिसतो, तो ठणठणीत. घरी आणून टाकी उतरवली तर वरच्या बाजूने बोट आत गेलं. दुसरं, गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल. चोवीसशेचा अंदाज २,९६० वर जाऊन थांबला, तोही सीटांची जाळी मी स्वतः बदलली म्हणून. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी सक्तीची नाही. तरी मी स्वतःहून करून घेतली, आणि पहिल्यांदा नापास झालो, हँडब्रेकवर. विमा 'ठरलेल्या किमती'चा घेतला, चौदा हजारांचा, फोटो आणि हेरिटेजचा कागद जोडून. वर्षाला तीन हजार मैलांची मर्यादा आहे.

जूनमध्ये आजींना घेऊन लिंकनशरच्या किनाऱ्याला, स्केगनेसला गेलो. छप्पर उघडं. ३,९०० फेऱ्यांच्या गोंगाटात त्या काय बोलल्या ते निम्मं ऐकू आलं नाही. तांब्याच्या खाणीबद्दल काहीतरी होतं.

परवा नानांचा फोन. तब्येत, पाऊस, आणि मग नेहमीचा प्रश्न, मीटर किती झालं. म्हटलं, एकोणीस हजार दोनशे. मी त्यांना माझा हिशेब सांगितला: पत्र्याचे पैसे सोडले तर मैलांसाठी आणि फाइलसाठी मी १,४५० जास्त मोजले, पंचवीस हजारांपर्यंत चालवली की ते मैलाला बावीस पेन्सने फिटतात. नाना ऐकून घेत होते. पलीकडून आकडेमोड पुटपुटल्याचा आवाज आला.

"पाचच आकडं न्हवं मीटरला?"

"पाचच."

"मग ऱ्हायलं किती, ऐंशी हजार आठशे. तेवढी चालव. शून्यावर आली की वीक साडेसतराला."